नुसती मोजलेली शाळा

खालच्या शाळेतली मुलं वर्षभरात जाड झाली होती आणि वरच्या शाळेतली होती त्याहून सडसडीत. व्हायला हवं होतं बरोबर उलटं.

सिस्टरने चष्मा पुसला आणि सगळं गणित पुन्हा केलं. उत्तर तेच. मग तिला वाटलं, आपण शाळांची नावंच उलटी टाकली असणार. या विचाराने ती इतकी खूश झाली की उठून चहा टाकून आली आणि चहा होईपर्यंत नावं तपासत बसली. नावं बरोबर होती. चहा उतू गेला.

लहान मुलांच्या वॉर्डात ती बरीच वर्षं नर्स होती. एक जिना चढून धापा टाकणारी, मोठ्या माणसांची औषधं घेणारी चौथी-पाचवीतली मुलं तिने पाहिली होती. दरवेळी तिच्या मनात यायचं, ही इथवर यायच्या आधीच कुणीतरी काहीतरी करायला हवं होतं. शेवटी ती पुन्हा कॉलेजात जाऊन बसली आणि तिने संशोधनाला हाच विषय घेतला : आहार आणि व्यायामाने मुलांचा लठ्ठपणा शाळेतच रोखता येतो का?

त्यासाठी एकाच रस्त्यावरच्या दोन शाळा निवडल्या. एक चढाच्या पायथ्याशी, दुसरी वर. खालच्या शाळेत वर्षभर रोज अर्धा तास व्यायाम, डब्यात काय असावं याचे धडे, भिंतीवर ताटाचे रंगीत तक्ते. वरच्या शाळेत काहीच नाही. तिथे फक्त वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी उंची-वजन मोजायचं, म्हणजे तुलना करता येते. घरात या शाळांना ‘व्यायामाची’ आणि ‘नुसती मोजायची’ असं म्हणत. घरात म्हणजे तिचा दादा आणि वहिनी. तिघं एकत्र राहत आणि वहिनी नेमकी त्या नुसती मोजायच्या शाळेत शिक्षिका होती.

सिस्टर आकडे घेऊन आपल्या मार्गदर्शक मॅडमकडे गेली. मॅडमनी बराच वेळ नुसतीच पेन्सिल गालावर आपटली.

“काटा?”

“दोन्हीकडे एकच, मॅडम. दरवेळी तपासून घेतलाय.”

“वरच्या शाळेतली मुलं चढ चढून जातात.”

“ती आधीही चढूनच जात होती.”

“साथबीथ? मुलं आजारी पडली होती?”

“नाही.”

मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. “मग मला एकच दिसतं. तुझे धडे वर पोचलेत. तिथेही कुणीतरी ते शिकवतंय. असं होतं कधीकधी. तुझ्या ओळखीचं कोण आहे तिथे?”

सिस्टरला वहिनी आठवली. गेलं वर्षभर ते तक्ते घरच्या फ्रिजवर चिकटवलेले होते.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तिने विषय काढला. “वहिनी, एक विचारू? रागावणार नाहीस ना?”

“असं विचारतेस म्हणजे रागावण्यासारखंच असणार. विचार.”

“तू वर्गात माझे तक्ते वापरलेस का? म्हणजे, चुकून.”

वहिनीने घास ताटात परत ठेवला. “नाही, वन्सं.”

एरवी ती सिस्टरला ‘अगं’, ‘बाळ’, ‘शहाणे’ असं काहीही म्हणायची. ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’ फक्त डोकं फिरलं की बाहेर यायचं. दादाने आपलं ताट उचललं आणि तो गुपचूप बाल्कनीत जाऊन बसला.

“तुम्हीच सांगितलं होतंत मला, तुमच्या शाळेत एक अक्षर काढायचं नाही. माझ्या वर्गातल्या मुलीने विचारलं, बाई, गाजर चांगलं की वेफर्स? मी काय सांगितलं माहितेय? मला माहीत नाही म्हणून सांगितलं. शिक्षिका आहे मी! गाजर चांगलं की नाही ते मला माहीत नाही! कुणापायी? आणि तुम्ही माझ्यावरच आळ घेताय?”

“आळ नाही गं, मॅडम म्हणाल्या...”

“मॅडमना म्हणावं, एकदा जेवायला या.” वहिनी ताट घेऊन उठली. बाल्कनीतून दादा म्हणाला, “मलाही मोजा हवं तर. कुठल्याही शाळेत घाला, चालेल मला.” कुणीच हसलं नाही.

भांडण झाल्यावर, भांडी विसळताना, सिस्टरच्या लक्षात आलं की आपण वहिनीला उगाचच दुखावलं होतं. धडे वर पोचले असते तर वरची मुलं बारीक झाली असती, हे ठीक. पण मग खालची जाड का झाली? हे ना तिला सुचलं, ना मॅडमना. आता माफी मागावी तर कशी? वहिनी एकही भांडं तिच्या हातातून घेईना.

खालच्या शाळेत सिस्टर दर मंगळवारी जायची. जाताना दोरीच्या उड्यांच्या दोऱ्या, चेंडू, रिंगा असं पोतंभर सामान न्यायची, आणि अर्धा तास मैदान दणाणून जायचं. यावेळी ती गुरुवारी गेली, कुणाला न सांगता. हात रिकामेच होते. जिन्याच्या खिडकीतून मैदान दिसत होतं, तिथेच ती थांबली.

घंटा झाली. मुलं वर्गावर्गाने बाहेर आली, रांगेत. खेळाच्या सरांनी शिट्टी वाजवली. रांगा सरळ झाल्या. पुन्हा शिट्टी, एक हात अंतर. मग हजेरी. मग सरांनी दोन दोऱ्या काढल्या, शाळेकडे तेवढ्याच होत्या. प्रत्येक रांगेतल्या पहिल्या मुलाने थोड्या उड्या मारल्या आणि तो मागे जाऊन उभा राहिला. बाकीचे उभेच. एक मुलगी पुढच्या मुलीची वेणी सोडून पुन्हा घालत होती. एक मुलगा उभ्या उभ्या पेंगत होता. कुणी जागचं हललं की शिट्टी. अर्धा तास संपताना सरांनी एक मोठा डबा उघडला आणि ज्या रांगा शेवटपर्यंत सरळ राहिल्या त्यांना क्रीमची बिस्किटं वाटली.

सिस्टर जिना उतरून त्यांच्याकडे गेली.

“अरे, सिस्टर! आज गुरुवार ना?” सर मनापासून खूश झाले. “पाहिलीत शिस्त? पूर्वी काय गोंधळ असायचा इथे!”

“सर, ती बिस्किटं...”

“स्वतःच्या खिशातून आणतो हो. मुलं व्यायाम करतात, थोडं कौतुक नको?”

हा माणूस खोटं बोलत नव्हता, कामात टाळाटाळही करत नव्हता. त्यांच्यावर कसं चिडावं हेच तिला कळेना.

“आणि मधली सुट्टी कधी होते?” तिने विचारलं.

सर तिच्याकडे बघतच राहिले. “तीच तर दिली तुम्हाला! मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, सिस्टरना रोज अर्धा तास हवाय. दुसरा आणणार कुठून? आता मुलं शेवटच्या तासाला वर्गात बसूनच डबा खातात.”

परवानगी मागायला गेली तेव्हा तिने अर्धा तास मागितला होता. तो कुठून येणार हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. म्हणजे वर्षभर मंगळवार सोडून बाकी सगळे दिवस, आधी जी मुलं पळत होती, त्यांना तिने उभं केलं होतं. व्यायामासाठी.

तिथून ती थेट चढ चढून वरच्या शाळेत गेली. तिथे मधली सुट्टी चालू होती. मैदानावर खेळ असा कुठलाच नव्हता, म्हणजे एकाच वेळी सगळेच होते. कोण कुणाच्या मागे धावतंय याचा पत्ता लागत नव्हता. एका मुलाच्या हातात चप्पल होती आणि दहाबारा जण तिच्यासाठी त्याच्यामागे लागले होते. वहिनी कट्ट्यावर लक्ष ठेवून बसली होती. सिस्टर शेजारी जाऊन बसली.

“चुकलं माझं, वहिनी.”

वहिनी मैदानाकडेच बघत राहिली. मग, “त्या मुलाला चप्पल परत द्यायला सांगू का, की त्यानेही तुझा अभ्यास बिघडेल?”

‘तुझा’ म्हणाली. सिस्टरला एकदम रडू आलं, आणि रडता रडता तिने दोऱ्या, शिट्टी, बिस्किटं असं सगळं सांगितलं. वहिनीने आधी च्‌ च्‌ केलं आणि मग ती तोंडावर हात धरून हसायला लागली.

“हसू नको गं. खालची का वाढली ते कळलं. पण तुमची मुलं कमी का झाली? इथे तर काहीच बदललं नाही.”

“ते होय?” वहिनी म्हणाली. “ती इंजेक्शनला घाबरलीत ना तुझ्या. पहिल्यांदा मोजून गेलीस तेव्हा कुणीतरी उठवलं, पुढच्या वेळी जो जास्त भरेल त्याला नर्सबाई सुई टोचणार. परवा तू मोजायला येणार म्हणून अर्ध्या वर्गाने डबेच उघडले नव्हते.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“एक अक्षर काढायचं नाही म्हणाली होतीस.”

सिस्टर डोकं धरून बसली. एक डबा चुकवून इतका फरक पडत नाही. मग मुलं वर्षभर धाकाने कमी खात होती की काय? की जास्त पळत होती? की दोन्ही? शिवाय अशी धाकाने उतरलेली वजनं चांगली म्हणायची की वाईट? तिने चार मुलांना बोलावून विचारलं. एकीने सांगितलं, मी वेफर्स सोडले. दुसरा म्हणाला, मी दुप्पट खातो, ताकद आली की सुई लागत नाही. तिसरा चप्पल घेऊन पळाला. चौथ्याला इंजेक्शनचं आत्ताच समजलं होतं, आणि त्याने भोकाड पसरलं. त्याची समजूत काढण्यात सुट्टी संपली.

खालच्या मुख्याध्यापिकाबाईंनी मधली सुट्टी परत द्यायचं कबूल केलं, थोड्या नाराजीनेच, कारण रांगा त्यांनाही आवडल्या होत्या. सर म्हणाले, बिस्किटांऐवजी काय देऊ? टाळ्या, असं सिस्टरने सांगितलं. त्यांना ते फारसं पटलं नाही. वरच्या शाळेत तिने प्रत्येक वर्गात जाऊन शपथेवर सांगितलं की सुई नाही. काहींनी विश्वास ठेवला.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. “लिही,” त्या म्हणाल्या. “जसं झालं तसं. वरच्या शाळेचं जेवढं कळलं तेवढंच. उगाच जुळवाजुळव नको.” थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, “आणि तुझ्या वहिनीला सॉरी सांग माझ्याकडून.”

तोंडी परीक्षेला बाहेरून एक परीक्षक आले होते. त्यांनी सगळा प्रबंध चाळून शेवटी विचारलं, “म्हणजे तुमच्या कार्यक्रमामुळे मुलं जाड झाली?”

“कार्यक्रमाने त्यांची सुट्टी घेतली, त्यामुळे बहुतेक. हो, सर.”

“आणि ज्यांना काहीच दिलं नाही ती सुधारली. का?”

“नक्की माहीत नाही, सर.”

परीक्षकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम खिडकीबाहेर पाहत होत्या. परीक्षक म्हणाले, “इतकं फसलेलं काम कुणी इतकं नीट लिहून आणत नाही,” आणि त्यांनी सही केली. हे कौतुक होतं की टोमणा, ते सिस्टरला विचारायचं होतं, पण तोवर पुढच्या विद्यार्थ्याला आत बोलावलं गेलं होतं.

बाहेर येऊन तिने वहिनीला फोन लावला.

“झाले पास.”

“मग रडतेस कशाला वेडे?”

“रडत नाहीये गं,” सिस्टर म्हणाली. “हसतेय. बहुतेक.”