अचानक आलेल्या कामाची खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे. इमॅन्युएल सरांच्या धाकट्या मुलीचा, एंजलचा, बाप्तिस्मा झाला, त्या २०१९ सालच्या उन्हाळ्यात सरांनी मला नगरच्या जुन्या बाजारातून आणले. माझा एक हात तेव्हाच सैल होता.

मित्रांनो, सरांच्या कार्यालयात संगणकाचे प्रोग्रॅम बनतात. रुग्णाच्या घरून फोन आला की सर्वांत जवळची रुग्णवाहिका कोणती, हे त्यांचा प्रोग्रॅम सांगतो. तिथे दोन आठवड्यांचे काम आधीच ठरवून घेतात. त्याला ते स्प्रिंट म्हणतात. पण बिघाड काही विचारून येत नाही. म्हणून सरांनी मला बिघाड कळवण्याच्या फोनजवळ ठेवले आणि नियम केला. प्रत्येक स्प्रिंटमध्ये एकाने माझ्यावर बसायचे. त्याला ठरलेले काम द्यायचे नाही. अचानक येईल तेवढेच त्याने पाहायचे. मग बाकीच्यांचे काम न अडता चाले. "ही खुर्ची आहे म्हणून आपण वेळेवर घरी जातो," असे सगळे म्हणत. मला फार अभिमान वाटे.

पुढे सर पुण्याच्या कामात गुंतले आणि इथला कारभार त्यांच्या हाताखालच्या योगेशकडे आला.

२०२४ सालच्या ऑगस्टमध्ये माझ्यावर एस्तेर बसत होती. काष्टीहून रुग्णवाहिकेचा चालक गोरक्ष याचा फोन आला. "ताई, मी काष्टीत उभा हाय, अन् तुमच्या नकाशात अजून नगरलाच दिसतोय. काल बी असंच हुतं."

एस्तेर योगेशला म्हणाली, "दादा, हे आजच बघायला हवं."

"शुक्रवारी पाहुणे येणार आहेत. त्यांना नवा भाग दाखवायचाय. हे पुढच्या स्प्रिंटमध्ये घेऊ. तू इकडं ये."

"आणि खुर्ची?"

"राहू दे रिकामी. पळून जाते का ती?"

सगळे हसले. एस्तेर उठली.

तेव्हापासून मला भीती वाटू लागली. फोन वाजे आणि वाजून थांबे. मित्रांनो, रिकाम्या खुर्चीला फोन उचलता येत नाही. पलीकडे कोण असेल, काय झाले असेल, एवढाच विचार मी करी.

बुधवारी दुपारी तो थांबेचना. शेवटी एस्तेर धावत आली. गोरक्ष रडत होता. "ताई, म्हातारी दोन गल्ल्या पलीकडं हुती. मी हितंच हुतो. मला कुनी कळवलंच न्हाई, तिकडं लांबची श्रीगोंद्याची गाडी धाडली."

एस्तेर माझ्यावर बसली. बिघाड सापडायला तासही लागला नाही. योगेश माझी पाठ धरून उभा होता.

आता मी कधी रिकामी नसते. तरी फोन वाजला की मला धडकी भरते. मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन कसलेही काम ठरवाल, तेव्हा एक माणूस मोकळा ठेवा. तो नुसता बसलेला दिसला, तरी त्याला उठवू नका.

काष्टीच्या झुंबरबाई १४ ऑगस्ट २०२४ रोजी, गाडी येण्याआधी, वारल्या.