रुपयावरचा अंगठा

मित्रांनो, मी नाणी ठेवायची एक जुनी डबी आहे. बाहेरून लाल कापड, आतून मखमल आणि झाकण जरा तिरपं. हे तिरपेपण वयामुळे आलेलं नाही, जन्मजात आहे.

मुंबईत नाणी जमवणाऱ्या शौकीन लोकांसाठी डब्या बनवणारा एक कारखाना होता. अकोल्याच्या माळ्याचा मुलगा गोवर्धन तिथे कामाला होता. त्यानेच मला घडवलं. पुठ्ठा कापला, सरस लावला, मखमलीत आठ खळगे पाडले. मालकाने माझं झाकण पाहिलं आणि मला टाकाऊ मालात फेकलं. गोवर्धनने मला उचलून खोलीवर नेलं. एखाद्या साहेबाच्या दिवाणखान्यात जाण्याची माझी संधी तिथेच हुकली. त्याचं मला अजून तरी दुःख झालेलं नाही.

पगार झाल्यावर त्याने सराफाकडून कोरी करकरीत नाणी आणली. रुपया, अधेली, पावली, चवली, आणा, पैसा, धेला आणि पै. सात जण आपापल्या खळग्यात गुमान बसले. रुपया मात्र अडला. गोवर्धनने सरसाने माखलेल्या अंगठ्याने त्याला दाबून बसवलं. नेमकं बादशहाच्या गालावर!

दिवाळीला तो मला घेऊन घरी आला. मोर्णा नदीच्या काठी त्याचे वडील नत्थुजी आणि आई गोदाबाई झेंडू-शेवंती पिकवत.

"माय, हे काडून पाहू नको," तो म्हणाला. "याच डबीत राहू दे. हात लागला का चांदी काळी पडते."

शेजारचे जानराव मला पाहायला मुद्दाम आले. "दोन रुपयाच्या आतल्या मालाले मखमलीची गादी! आमच्या जवायाले बी आमी अंथराले साधी वाकय टाकली व्हती."

"तुमचा जवाई वाकयीच्याच लायकीचा हाये, जानरावभाऊ," गोदाबाई म्हणाल्या.

मग मानमोडीची साथ आली. माणसं तापाने पटापट गेली. मुंबईहून एक कार्ड आलं. गोवर्धन तिकडेच गेला आणि तिकडेच जळला. घरी आलं ते कार्डच.

त्याचा फोटो नव्हता. नत्थुजींचे अंगठे तहसिलीतल्या निम्म्या कागदांवर होते. गोवर्धन मात्र तिसरीपर्यंत शिकलेला, तो झोकात सही करायचा. शिकलेल्या मुलाचा अंगठा कुठल्याच कागदावर उरला नव्हता.

वर्षभराने गोदाबाईंनी माझं झाकण उघडलं. बादशहाच्या गालावर काळपट रेषा उमटल्या होत्या. एकात एक, गोल. त्यांना छेदणारी एक आडवी चीरही होती. लहानपणी गोवर्धनला विळा लागला होता, त्याची.

"अवो, इकडं या. हा आपल्या गोवर्धनचा आंगठा."

नत्थुजींनी बराच वेळ पाहिलं. "बादशहाले समजलं तं फासावर देईन आपल्याले," ते म्हणाले आणि उपरण्याने डोळे पुसू लागले.

त्या दिवसापासून गोदाबाई रोज दुपारी हात कोरडे करून मला उघडत, पाहत आणि मिटत. पावसाळ्यात मला चुलीजवळच्या कोनाड्यात ठेवत. नत्थुजींनी एकदा पितळी डबा आणतो म्हटलं.

"त्यानं बांधलेलं घर हाये हे," त्या म्हणाल्या. "त्यातच राहू द्या."

हे सगळं दोघांतच राहिलं. गोवर्धनची धाकटी बहीण जमुना तेव्हा पाच वर्षांची होती, तिला काय सांगायचं? पुढे ती मोठी झाली, नांदगाव पेठेला दिली, आणि सांगायचं राहूनच गेलं. भाऊबीजेला ती माहेरी येई. भाऊ नसलेल्या बहिणी चंद्राला ओवाळतात, तशी तीही ओवाळी.

एका भाऊबीजेला गोदाबाई झेंडू विकायला बाजारात गेल्या होत्या. जमुनाने मला कोनाड्यातून काढलं. नाणी काढली. चिंचेचा कोळ आणि चुलीतली राख घेऊन बसली. मी शेजारी उघडी पडले होते. डबीला मिटण्याचं एकच काम येतं, तेही दुसऱ्याने मिटलं तर.

गोदाबाई रिकामी टोपली घेऊन आल्या, मागोमाग मळ्यातून नत्थुजीही. जमुनाने ताट पुढे धरलं. "माय, पाह्य! दादाची नाणी कशी लखलख करून राह्यली! यंदा चांदोबाले नाही, दादालेच ओवायीन मी."

गोदाबाईंनी रुपया उचलला. उजेडाकडे धरला.

"पुसला?"

"घासला! गालावर मोठा डाग व्हता, निघतच नव्हता मेला."

"डाग नव्हता बाई तो. आंगठा व्हता. तुह्या दादाचा."

आई थट्टा करते असं वाटून जमुना आधी हसली. मग तिने बापाकडे पाहिलं. नत्थुजी तोंड फिरवून फुलांची टोपली उगाच झटकत होते. जमुनाने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटं काळी झाली होती. ती हात धुवायला उठेना.

"ऊठ," गोदाबाई म्हणाल्या. "ओवायाचं हाये ना? दिवा मी लावतो."

ओवाळलं दोघींनी मिळून. मग नाणी माझ्यात परत आली.

चार-पाच वर्षांत चांदी पुन्हा काळी पडू लागली. दर दिवाळीला जमुना येई ती पिशवी खाली न ठेवताच रुपया पाहायला.

"माय, येऊन राह्यला का व?"

"नाही."

बादशहाचा गाल, कान, मुकुट, सगळं सारखंच काळं झालं होतं.

मित्रांनो, नाणी ज्या डबीत बसवली त्याच डबीत ठेवावीत, ओल लागू देऊ नये, घासू नयेत. हे तुम्ही पाठ कराल आणि विसराल, त्याला माझी हरकत नाही. पण घरातल्या जुन्या वस्तूवर डाग दिसला, तर चिंच भिजवण्याआधी म्हाताऱ्या माणसांना विचारा, हा कोणाचा? आणि म्हाताऱ्यांनो, कोणी विचारेल म्हणून तुम्हीही थांबू नका.