पालकातली हरितलवकं

विंचूरहून रोज एसटीने नाशिकच्या कॉलेजात येणारी स्नेहल वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होती. सेमिनारमध्ये तिने ठासून सांगितलं, की पानाच्या पेशीतलं हरितलवक हा पेशीचा नुसता भाग नाही, तो जीव आहे. त्याला स्वतःचा डीएनए असतो, एकाची दोन होतात, आणि त्याचे पूर्वज कधीकाळी मोकळे जगणारे जीवाणू होते.

वर्गात काही जण हसले. निवृत्ती सरांनी मात्र तिचं म्हणणं खोडलं नाही. खात्री असेल तर पेशीबाहेर काढून जगवून दाखव, एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बर्फ घेऊन आले.

स्नेहलने पालकाची जुडी आणली. गार साखरपाण्यात पानं वाटली, गाळली, यंत्रात गरगर फिरवली. नळीच्या तळाशी हिरवा साका बसला. त्यातला थोडा तिने निळ्या द्रावणात मिसळून नळी दिव्यासमोर धरली; हरितलवकं उजेडात काम करत असली, तर या द्रावणाचा रंग जातो. बघता बघता निळा रंग विरून गेला. काळ्या कागदात गुंडाळलेल्या दुसऱ्या नळीतला निळा तसाच होता. पान उरलं नव्हतं, पेशी फुटल्या होत्या, तरी ते कण उजेड पकडून काम करत होते. हसणारेही टेबलाभोवती जमले.

दुपारी रंग जायला फार वेळ लागला. तिने बर्फ वाढवला, ताजं द्रावण दिलं. संध्याकाळी निळा रंग हललाच नाही.

“मेली, सर,” ती म्हणाली.

“‘बंद पडली’ असं नाही म्हणालीस,” सर म्हणाले. “‘मेली’ म्हणालीस.”

मग त्यांनीच समजावलं, की हरितलवकाला लागणारी बहुतेक प्रथिनं पेशी पुरवते, त्यांची जनुकं केव्हाच पेशीच्या केंद्रकात गेली आहेत. एकट्याने जगणं त्याच्या हातात उरलेलं नाही. स्नेहलला ते मान्य करावं लागलं. ती हिरमुसली, तेव्हा सरांनी पाणवनस्पतीचं एक पान सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं.

हिरवे कण पेशीच्या कडेकडेने एकामागून एक फिरत होते. ते स्वतः चालत नाहीत, पेशी त्यांना वाहून नेते, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला नजर काढवेना.

“पेपरात पेशीचा भाग असंच लिही,” सर म्हणाले. “पण हे बघताना मला तो शब्द तोकडा वाटतो.”

स्नेहलने पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. प्रयोगशाळा बंद करायला सरांनी कुलूप हातात घेतलं होतं, ते त्यांनी टेबलावर ठेवलं आणि स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.