अष्टमीची मेथी

चन्नम्मानं बांधावर डबा ठेवला आणि पदराला हात पुसत नवऱ्याला म्हणाली, "आज उशीर झाला बघा. शाळेत मेथी निवडत बसलेलो आम्ही सगळ्याजणी."

महालिंग उसाला पाणी पाजत होता. तो खोरं धरून तसाच वाकलेला राहिला. "कुठली मेथी?"

"परसबागेतली. उद्यापासनं दिवाळीची सुट्टी, शाळा उघडंस्तवर समदी जून हुईल. राजमतीअक्का म्हटल्या, तोडा आणि आमटीत घाला. पोरं लई खूश हाईत."

"आज अष्टमी हाय की."

"मी बी तेच म्हटलं. तर म्हटल्या, माझं व्रत माझ्या ताटापुरतं. पोरांच्या ताटाला कशाला?"

काल दिवस मावळताना पाठीवर पंप घेऊन महालिंगनं त्याच मेथीवर औषध मारलं होतं, तेही कुणाला न सांगता.

आता हे कसं झालं ते सांगायला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याला नुसताच नालायक ठरवून मोकळे व्हाल. हातकणंगल्याच्या अलीकडचं हे गाव. पंचायतीच्या निवडणुकीत वरची गल्ली आणि खालची गल्ली अशी जुंपली की त्यानंतर लग्नाची आमंत्रणंसुद्धा बंद झाली. ते तुटलेलं सांधलं शाळेमागच्या परसबागेनं, आणि परसबाग उभी केली राजमतीअक्कांनी. अक्का अंगणवाडीतनं निवृत्त झालेल्या, जैन घरातल्या, तोंडानं फटकळ. त्यांनी दोन्ही गल्ल्यांतल्या माणसांच्या हातात खुरपी दिली आणि त्यांना एका वाफ्यात बसवलं. काम फुकटचं, तरी कुणी चुकवत नव्हतं. गुडघ्याला गुडघा लावून बसल्यावर माणूस किती वेळ तोंड फिरवून राहणार?

अक्कांची अट एकच होती, बागेत जीव मारायचा नाही. अळी दिसली की पानासकट उचलायची आणि ओढ्याकाठी नेऊन सोडायची. महालिंग लिंगायत, त्याच्याही घरात मटण-मासळी चालत नव्हती, पण तो पडला शेतकरी. अळीला पावण्यासारखं वेशीपर्यंत पोचवायचं हे काही त्याच्या पचनी पडत नव्हतं. अक्कांच्या तोंडावर तसं बोलायची मात्र त्याची टाप नव्हती. अंगणवाडीत त्याची दोन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली वाढली होती. त्या रागावल्या की त्याला अजून लहान झाल्यासारखं वाटायचं.

यंदा मेथीवर अळी पडली. मेथी गेली तर गेली, पण अळी शेजारच्या कोबीवर चढली असती. मग यानं मनातल्या मनात जुळणी केली. अष्टमी-चतुर्दशीला अक्का हिरवा पाला खात नाहीत, म्हणून त्या दिवशी बागेतलं पानही कुणी तोडत नाही, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं. आज अष्टमी, उद्यापासून शाळा बंद. औषधाचा अंमल उतरेपर्यंत भाजीला कुणाचा हात लागणार नाही. कोबी वाचेल आणि अक्कांना कळणारही नाही. केवढं शहाणपण बघा.

त्यानं खोरं टाकलं आणि गाडीला किक मारली.

"अवो, जेवान?" चन्नम्मा मागनं ओरडली.

"आलोच," एवढंच तो बोलला. बायकोलासुद्धा त्यानं खरं सांगितलं नाही. फोन घरी चार्जिंगला लावलेला होता, आणि हातात असता तरी त्यानं तो केला असता का, देव जाणे.

पाणंदीतनं गाडी आदळत निघाली. पोरांनी ताटं घेतली असतील का, हा एकच प्रश्न त्याच्या डोक्यात घण घालत होता. आणि त्याच्या मागोमाग, लाज वाटली पाहिजे पण आला, दुसरा विचार आला. सांगायचं कसं? खालच्या गल्लीतल्या महालिंगनं पोरांच्या पोटात औषध घातलं, असं वरच्या गल्लीत घरोघरी झालं असतं. उद्या बागेचं कुंपण उखडलं असतं आणि परवा डोकी फुटली असती. शिवाय अक्कांना कुठल्या तोंडानं सांगणार? मग त्याला जे सुचलं ते ऐका आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या. पातेलं सांडायचं, बाकी काही बोलायचं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात पोरं रांगेनं ताटं घेऊन बसली होती. व्हरांड्याच्या कडेला, अंगणाच्या बाजूला, आमटीचं मोठं पातेलं होतं आणि स्वयंपाक करणाऱ्या बयाबाईनं त्यात डाव घातला होता. महालिंग पायरी चढला तो धावतच, आणि पोरं नाहीत ती बाजू बघून त्यानं पातेल्याला पाय मारला. ऊन आमटी भसकन अंगणात गेली. थोडी त्याच्या पायावर आली आणि त्यानं ओठ चावला.

"पाय घसरला," तो म्हणाला.

"डोळं फुटलं व्हतं काय तुझं?" बयाबाई कडाडली. "सकाळधरनं राबतोय आम्ही."

पोरं हिरमुसली. कुणीतरी म्हणालं, भातावर गूळ वाढा. बाग झाल्यापासून वरच्या गल्लीतला सम्राट शनिवारी हटकून यायचा, आजही नुकताच आलेला. त्यानं हसत हसत महालिंगला भिंतीशी बसवलं. एकाही पोराच्या तोंडात घास गेला नव्हता. सुटलो, महालिंगला वाटलं. पाय जळत होता आणि तरी त्याला हलकं वाटत होतं.

तेवढ्यात राजमतीअक्का गार पाण्याची कळशी घेऊन आल्या. गुडघे धरत खाली बसल्या, त्याचा पाय आपल्या हातावर घेतला आणि हळूहळू पाणी सोडायला लागल्या.

"रानात होतास न्हवं? मग एवढं पळत कशाला आलास? आज चवीची पाळी तुझी म्हणून?"

पोरांना वाढायच्या आधी बागेत राबणाऱ्यांपैकी एकानं जेवून बघायचं, असा नियम अक्कांनीच घातला होता. आजची पाळी आपली होती हे महालिंग साफ विसरला होता.

"काळजी करू नको. भरली मी तुझी पाळी," अक्का म्हणाल्या. "बायका घरला गेल्या, गुरुजी मीटिंगला. राहिलं कोण? चांगली वाटीभर खाल्ली बघ."

"अष्टमीला?"

"व्हय, अष्टमीला. नियम मीच घालायचा आणि मीच मोडायचा व्हय? पोरं ताटं घेऊन बसलेली. आयुष्यात पहिल्यांदा खाल्लं, बघून घेईल देव." त्या हसल्या. "आमटी झक्क झालेली रे. सांडलीस लेका."

महालिंगला त्यांच्या तोंडाकडे बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. त्यांच्या कपाळावर घाम होता. चुलीपाशी उभ्या राहिल्या म्हणून असेल. भाजी धुतली असेल, शिजली पण आहे, एका वाटीनं काय होतंय, असं तो स्वतःला समजावत राहिला. समोर सम्राट उभा होता, बयाबाई अजून पुटपुटत होती, आणि अक्कांच्या हातचं गार पाणी त्याच्या पायावर पडत होतं.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "पोटात जरा मळमळायलंय. हिरवं खायची सवय न्हाय की आजच्या दिवशी."

"अक्का," महालिंग म्हणाला, "काल मी मेथीवर औषध मारलंय."

अक्कांच्या हातातली कळशी तशीच राहिली. सम्राटनं पुढं होऊन त्याची गचांडी धरली. वाटलं, आता देतो ठेवून. पण त्यानं एकदा अक्कांकडे बघितलं आणि हात सोडला. "कुठलं औषध? डबा कुठाय? ऊठ, बस गाडीत," तो म्हणाला. बयाबाईनं भाताचं पातेलं झाकलं, कुणी काही खाल्लं नाही ना म्हणून पोरापोराला विचारत सुटली.

औषधाचा डबा घेऊन सम्राटच्या गाडीनं ते कोल्हापूरला निघाले. वाटेत अक्कांना ओकाऱ्या झाल्या. महालिंग त्यांचं डोकं धरून बसला होता आणि सारखं एकच म्हणत होता, माफ करा. सम्राट गाडी दामटत होता. दवाखान्यात अक्कांना आत नेलं आणि दार लागलं. महालिंग दुपारभर त्या दारासमोर उभा राहिला. भाजलेल्या पायाला फोड आले होते, पण बाकावर बसायचा त्याला धीर होईना.

दिवस कलल्यावर डॉक्टर बाहेर आले. धोका टळला, आज इथंच ठेवू, म्हणाले. सम्राटनं भिंतीला डोकं टेकलं. महालिंग ढसाढसा रडला.

अक्कांनी त्याला आत बोलावलं. हाताला सलाईन होतं, चेहरा उतरला होता.

"एवढं भ्या वाटतं माझं?" त्यांनी विचारलं. "मारतो म्हणून सांगायचंस. मी भांडले असते, चार शिव्या दिल्या असत्या. पण मेथी तोडली नसती."

"तुमास्नी वाईट वाटंल म्हणून…"

"आणि ते पातेलं. पाय घसरला व्हय?"

त्यानं मान हलवली. "मुद्दाम मारला."

अक्कांनी सलाईनचा हात जपत त्याच्याकडे कूस वळवली. मग म्हणाल्या, "एक विचारते. खरं सांग. मी ती वाटी खाल्ली नसती, तर बोलला असतास?"

व्हय म्हणणं सोपं होतं. आजारी माणसाला बरं वाटलं असतं.

"न्हाय," महालिंग म्हणाला. "बोललो नसतो."

"मग खाल्ली ते बरंच झालं," अक्का म्हणाल्या, आणि त्यांनी डोळे मिटले.