मी उभा राहत नाही

मी एक जुना रोबो आहे. बोटभर उंचीचा, प्लॅस्टिकचा, पिवळा. म्हणजे जिथे रंग उरलाय तिथे पिवळा. मित्रांनो, जुनी वस्तू आपली कहाणी सांगायला लागली की तुम्ही आधीच चेहरा पाडून बसता, हे मला ठाऊक आहे. माझ्या बाबतीत ती तसदी घेऊ नका. माझी फजिती झाली, हसं झालं, चारचौघांत मला नावं ठेवली गेली, ते सगळं मी सांगणार आहे. पण कीव करायची असेल तर दुसरं एखादं खेळणं गाठा.

काल संध्याकाळी मला न्यायला एक माणूस आला होता. त्याच्या काचेच्या कपाटात माझी जागा तयार होती. मी या घरात राहणार की त्या काचेआड जाणार, हे एका मुलीच्या हो-नाहीवर होतं, आणि हो म्हणण्यासारखं तिच्यापुढे बरंच काही होतं. पण ते कळायला तुम्हाला आधी मी कोण ते कळलं पाहिजे.

'पोलादी पलटण' नावाची खेळण्यांची एक मालिका होती. बारा छोटे रोबो. हातपाय दुमडले की प्रत्येकाचं एक वाहन व्हायचं. सेनापतीचा रणगाडा, कुणाचं विमान, कुणाचा आगीचा बंब. माझं नाव महाबली, आणि मी दुमडलो की रस्ता दाबायचा रोलर होतो. मला घडवणाऱ्या बाईंनी कागदावर मला चांगली लांब पावलं काढली होती. रोबो झालो की रोलर पोटाशी येतो, पुढे वजन पडतं, तेव्हा पावलं लांब हवीत; इतकी साधी गोष्ट. पण पाकिटं आधीच छापून आली होती, बाराही जणांसाठी एकाच मापाची. माझे पंजे पाकिटात मावेनात. आता शहाणा माणूस काय करेल? पाकीट मोठं करेल. कारखानेवाल्यांनी माझे पंजे कापले. बाई बैठकीत पुष्कळ भांडल्या, पण पाकिटांच्या थप्प्या गोदामात लागल्या होत्या आणि बाई एकट्या होत्या.

साच्यातून निघाल्यावर मला टेबलावर उभं केलं. मी तोंडावर पडलो. पुन्हा उभं केलं, पुन्हा पडलो. तपासणाऱ्या साहेबांनी पाकीट हातात घेतलं, त्यावरचं माझं चित्र नीट निरखलं आणि म्हणाले, "चित्रात तर उभा आहे ना? मग चालेल." रचून सांगत नाही हो, अगदी असंच म्हणाले. तेवढ्या एका वाक्यावर माझे हजारो भाऊ गाड्यांत भरून बाजारात गेले, सगळेच्या सगळे पडणारे.

आमची पाकिटं बाहेरून एकसारखी असायची. आत कोण आहे ते फोडल्यावरच कळायचं, आणि त्यातच खरी मजा आहे असं जाहिरातीत सांगायचे. पण लोक काय कच्च्या गुरूचे चेले नसतात. दुकानात यायचे, पाकीट हातात घ्यायचे, डोळे मिटायचे आणि बोटांनी आतलं चाचपायचे. पंख लागला की विमान. शिडी लागली की बंब. गोल गरगरीत पोट लागलं की पाकीट परत खोक्यात. शाळकरी पोरं हे करायची, तसे कामावरून घरी निघालेले, मिशा पांढऱ्या व्हायला लागलेले गृहस्थही करायचे. दुकानवाल्या मावशी नवं खोकं फोडायच्या, बाकीचे भराभर निघून जायचे आणि मागे आम्ही उरायचो. शेवटी एका अख्ख्या खोक्यात आम्हीच आम्ही होतो. मावशी गिऱ्हाइकाला आर्जवाने सांगायच्या की घ्या की हो, तोही रोबोच आहे. गिऱ्हाईक हसायचं आणि पुढच्या दुकानाकडे वळायचं.

या चाचपणाऱ्यांत एक मोठा उस्ताद होता. मी ज्या मुलीची गोष्ट सांगतोय तिचा तो काका, तिच्या बाबांचा धाकटा भाऊ, म्हणून आपणही त्याला काकाच म्हणू. तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि उरलेल्या वेळात खेळण्यांचे व्हिडिओ बनवायचा. पाकीट न फोडता आत कोण आहे ते सांगायचं आणि मग कॅमेऱ्यासमोर फोडून दाखवायचं, ही त्याची खासियत. त्याचा अंदाज चुकत नाही अशी ख्याती होती, आणि ती तो मिरवायचाही. एकदा त्याच्या हाताला मी लागलो. माझा रोलर त्याच्या बोटांना सेनापतीच्या रणगाड्याचा घुमट वाटला. सेनापती म्हणजे सगळ्यांत दुर्मिळ. ढीगभर पाकिटं घ्यावीत तेव्हा कुठे एखादा मिळायचा. काकाकडे एक होताच. हा दुसरा तुला, असं त्याने पुतणीला कबूल केलं, तिला शेजारी बसवलं आणि लोक मोबाइलवर लाइव्ह बघत असताना पाकीट कॅमेऱ्यासमोर धरलं.

"डोळे झाकून सांगतो, सेनापती आहे," असं म्हणून त्याने पाकीट फाडलं. मी टेबलावर पडलो. तोंडावरच, वेगळं सांगायला नको.

बघणाऱ्यांनी काकाची यथेच्छ टर उडवली. त्याचे कान लाल झाले. चूक कुणाची? त्याच्या बोटांची. आणि खापर कुणावर फुटलं? माझ्यावर. सबंध मालिकेतला सर्वांत भिकार रोबो म्हणून त्याने मला तिथल्या तिथे जाहीर करून टाकलं. पोट सुटलंय, पाय नाहीत, उभासुद्धा राहत नाही मेला. वर 'पालथ्या' असं नावही ठेवलं, आणि ते लोकांना इतकं आवडलं की काही दिवसांत जो तो आम्हाला पालथ्या म्हणू लागला. मग कारखान्याने आम्हाला बनवणंच बंद केलं. गोदामात उरलेले माझे भाऊ परत नेले आणि यंत्रात घालून त्यांचा चुरा केला. त्यांची आठवण आली की मला वाईट वाटतं, आणि वाईट वाटतं त्याहून जास्त राग येतो. त्यांच्यातल्या एकानेही स्वतःचे पंजे स्वतः कापले नव्हते.

ती पुतणी म्हणजे खारू. लहानपणापासून सापडेल ते गोळा करून उशाखाली साठवते, म्हणून घरात सगळे तिला खारू म्हणतात. त्या दिवशी ती खूप रडली. काकाने मला तिच्या हातावर ठेवून, राहू दे तुला हा, म्हटलं. तिने मला उचललं आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिरकावलं. खोटं कशाला सांगू, तिलाही मी नकोच होतो. पण मी काही तिच्यासाठी झुरत बसलो नाही. तिला सेनापती हवा होता आणि मी सेनापती नव्हतो, यात माझा काय दोष?

मी जाऊन पडलो ते तिच्या आईच्या कामाच्या टेबलाखाली. खारूची आई इमारतींच्या प्रतिकृती बनवते. आर्किटेक्ट नकाशा पाठवतात आणि ती पुठ्ठ्याचं अख्खं रुग्णालय, शाळा, वसाहत टेबलावर उभी करते. खिडक्या, जिने, बागेतली झाडं, सगळं. रस्त्यांसाठी ती काळ्या सँडपेपरच्या पट्ट्या कापते. पट्टी गोंदावर बसवली की ती लगेच दाबावी लागते, नाहीतर कडा उचलल्या जातात आणि रस्ता पापडासारखा वर येतो. एकदा असंच झालं. दोन इमारतींच्या मधल्या गल्लीत तिचा अंगठा जाईना. फुटपट्टीने दाबायला गेली तर भिंत हलायची. गोंद वाळत चालला होता आणि तिची चिडचिड चालली होती. खारू टेबलाखाली पेन्सिल शोधत होती, तिच्या हाताला मी लागलो. तिने मला दुमडलं, त्या गल्लीत घातलं आणि पुढे ढकललं. मी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. मागे रस्ता सपाट झाला होता.

"अगं, हा तर खरंच रोलर आहे," आई म्हणाली. मग माझी जागा टेबलावरच्या ब्रशांच्या मगात झाली. तिथून मी पुष्कळ रस्ते केले. रुग्णालयाचा मागचा रस्ता केला, शाळेसमोरचं अवघड वळण केलं, तळ्याभोवतीची पायवाट केली. माझ्या रोलरचा रंग गेला, तोंडाला गोंदाचे थर चढले, एक हात जरा सैल झाला. पण आता मला एक सांगा. पलटणीतलं ते विमान कधी उडालं? बंबाने कुठली आग विझवली? सेनापतीच्या तोफेतून वाटाण्याएवढा तरी गोळा सुटला का? बारा जणांत आपलं काम करणारा मी एकटा आहे. शेखी म्हणा हवं तर, मला काही फरक पडत नाही.

रस्ता करायचं काम हळूहळू खारूकडेच आलं. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि मगातून मला काढायची. वळणावर मला कसं तिरकं धरायचं, ते आता तिच्या आईलाही तिच्याइतकं जमत नाही.

आणि मग काकाचा फोन आला. माझे भाऊ नष्ट झाले, त्यामुळे आम्ही जेमतेम मूठभर उरलो होतो, आणि उरलेले म्हणून आता भलतेच मोलाचे झालो होतो. बाराही रोबो असलेलं कपाट हवं, तर पालथ्या हवाच. काकाच्या रांगेत तेवढी एकच जागा रिकामी होती. एव्हाना त्याच्याकडे सेनापतीही दोन झाले होते. पालथ्या दे, सेनापती घे, असं त्याने पुतणीला सांगितलं. खारूने बघू म्हटलं. फोन ठेवल्यावर तिने मला मगातून काढलं आणि नखाने माझ्या तोंडावरचा गोंद खरवडायला लागली. मला घासूनपुसून कुणाकडे तरी पाठवायची ही तयारी होती, हे न कळायला मी काही खुळा नाही. मी मनातल्या मनात तिला इतकं बोललो की विचारू नका.

काल काका आला. टेबलावर एका नव्या वाचनालयाची प्रतिकृती अर्धी झाली होती आणि आई सँडपेपर कापत होती. काकाने खिशातून डबी काढली, कापसातून सेनापती बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. काय सांगू तुम्हाला, देखणाच होता तो. हात वळतात, मान वळते, आणि ठेवला तिथे ताठ उभा. खारूने त्याला लगेच उचललं. इतकी वर्षं तिला तो हवा होता. ती त्याचा एकेक सांधा हलवून बघत बसली आणि माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. मी गेल्यात जमा होतो.

मग काकाने दुसऱ्या खिशातून एक पारदर्शक स्टँड, बारीक ड्रिल आणि गोंदाची ट्यूब काढली. खारूने विचारलं, "हे कशाला?"

"त्याला उभा करायचाय ना कपाटात. पाठीत एक भोक पाडायचं, दांडी बसवायची. आणि रोलरला आतून एक थेंब, म्हणजे घरंगळणार नाही."

"म्हणजे रोलर फिरणार नाही?"

"कपाटात फिरून जायचंय कुठे त्याला?" काका हसला.

खारू हसली नाही. तिने आईकडे पाहिलं. आईने कात्री खाली ठेवली आणि शांतपणे सांगितलं, "तुझा आहे तो, तू ठरव. माझ्या कामाचं म्हणशील तर मी दुसरं काहीतरी बघेन." मित्रांनो, मला आईचा रागच आला. दुसरं काय बघणार होती ती? पण आता वाटतं, तिने बरं केलं. तिने आग्रह धरला असता तर खारूने मला आईसाठी ठेवलं असतं.

खारूने डबी पुढे ओढली. मग तिने सेनापतीचे हात सरळ केले, त्याला कापसात नीट निजवलं, डबी बंद केली आणि काकाकडे सरकवली. नको म्हणाली, आणि रडायला लागली. साधंसुधं नाही, नाक वाहीपर्यंत.

काका गोंधळला. "अगं, मग रडतेस कशाला?"

"मला सेनापती पाहिजे होता."

"मग घे ना."

"मग याला तुम्ही चिकटवणार," ती म्हणाली आणि मला तिने मुठीत घट्ट धरलं.

काकाने ड्रिल परत खिशात घातलं. जाताना तो म्हणाला की वहिनी, तुमची लेक वेडी आहे, आणि आई म्हणाली की भाऊजी, ती तुमच्यावरच गेलीय. तो दारात थोडा घुटमळला, मला बघायला मागितलं, टेबलावर एकदा पुढेमागे फिरवलं आणि बरा फिरतो की, असं पुटपुटला. मी काही विरघळलो नाही. माझ्या भावांचा चुरा झाला तेव्हा हे सुचलं असतं तर गोष्ट निराळी होती.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात कुठेतरी एखादा न शोभणारा, न टिकणारा, सगळ्यांनी नाकं मुरडलेला कुणीतरी पडला असेल. त्याची कीव करू नका आणि त्याला उभा करायच्या फंदात तर मुळीच पडू नका. त्याला हाती घ्या, वापरा, खराब होऊ द्या. त्याचे पंजे कुणी कापले ते विचारा. आणि त्याचं जे काही फिरतं ते फिरू द्या, त्यात गोंद घालू नका. एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

मी अजून पडतो. आज सकाळीही पडलो, यापुढेही पडणार. त्याची मला लाज नाही. खारू काल रडली ती माझ्यासाठी नाही, सेनापतीसाठी रडली, हे मला पक्कं ठाऊक आहे. ज्याच्यासाठी ती एवढी रडली त्याला तिने परत पाठवलं, आणि मला ठेवलं.