हललं का?

"आरोपपत्रात एक शब्द घालायचाच राहिलाय, हुल्डाबाई," गजांपलीकडे स्टूल ओढून बसत वकील डनिंग म्हणाला. "पोटातलं हललं होतं, असं त्यात कुठंच लिहिलेलं नाही. आणि हलण्याआधी काही केलं, तर आपल्या मॅसॅच्युसेट्सात तो गुन्हाच होत नाही. याच मुद्द्यावर बोस्टनच्या कोर्टात अपील लावलंय."

हुल्डा पेल हिला हसू आलं. एवढं सांगायला वकील कशाला हवा होता? १८४४ साली त्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही कोळ्याच्या बायकोला ते ठाऊक होतं. हलेपर्यंत पाळी तुंबली म्हणायचं, हललं की मूल. तुंबलेलीला हुल्डा कडू काढा द्यायची, पण आधी एकच प्रश्न विचारायची, हललं का? हो म्हणालेल्या बाईला ती चहा पाजून घरी धाडायची, मग ती कितीही रडो.

तिच्या मेलेल्या बहिणीची लेक लुसिंडा 'नाही' म्हणाली होती. तेव्हा ती बिनलग्नाची होती. काढ्यानं पोरगी मरता मरता वाचली, डॉक्टर आला, डॉक्टरनं शेरीफला सांगितलं आणि मावशीला तीन वर्षांची सजा झाली. तरी हुल्डाचा पीळ गेला नव्हता. हललेल्याला आपण कधी हात लावला नाही, या एका गोष्टीच्या जोरावर ती त्या कोठडीत ताठ बसायची.

"सरकारनं तो शब्द घालून पुन्हा खटला भरला तर?" तिनं विचारलं.

"तर मग लुसिंडाची साक्ष. कुणीही विचारलं तरी नाहीच म्हणायचं, असं बजावलंय मी तिला."

"बजावायचं काय त्यात? नव्हतंच हललं."

वकिलानं आपली उंच टोपी उचलली. तिच्याकडं न बघता तो निघाला.

दुपारी लुसिंडा आली. आता तिचं लग्न झालं होतं आणि पोट चांगलं दिसत होतं. मक्याची भाकरी गजांतून आत सरकवता सरकवता ती थबकली. हात झटकन कुशीवर गेला, आणि झग्याचं कापड आतून उचललेलं हुल्डाला स्वच्छ दिसलं. म्हातारी हरखलीच. जेलरची बायको दाराशी मोजे विणत बसली होती, तिचंही भान तिला राहिलं नाही.

"हललं का गं?"

लुसिंडानं जेलरणीकडं पाहिलं, मग खाली ॲप्रनच्या नाडीकडं.

"नाही, मावशी."

अगदी तोच आवाज. नाडी बोटाला गुंडाळणंही तसंच. त्या दिवशी हुल्डाच्या चुलीपाशी उभी राहून ती हेच, असंच म्हणाली होती.

म्हणजे तेव्हाही हललंच होतं. बोस्टनच्या न्यायाधीशांनी दार उघडलं, तरी आता बाहेर पडायचं कुठं, ते तिला कळेना. भाकरी अजून गरम होती. तिनं ती मोडली आणि मोठा तुकडा गजांतून परत दिला.

"खा," ती म्हणाली. "दोन जिवांची आहेस."