ट्रकच्या नाकातली गडगड

जयसिंग मोहित्यांचा ट्रक आवाज करायला लागला, तेव्हापासून घरातली माणसं एकमेकांकडे तिरकं बघायला लागली.

ट्रक म्हणजे मालवाहू नव्हे. चार दारांचा, मागे उघडा हौदा असलेला, चारही चाकांना जोर देणारा पिकअप. फौजेतून निवृत्त होऊन लखनौजवळ चिनहटच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी झाल्यावर जयसिंगरावांनी तो हौसेने घेतला होता. साताऱ्याच्या डोंगरात तो शोभला असता. पण लखनौत ते राहायचे त्या महानगर मोहल्ल्याच्या गल्लीत तो वळवणं म्हणजे हत्तीला मोरीत आंघोळ घालणं, असं त्यांची बायको विजया म्हणायची.

आवाज पुढच्या बाजूने यायचा. ब्रेक दाबला की गडगड, ठप्प. वळण घेतलं की पुन्हा गडगड, ठप्प. आणि नीट कान दिला तर त्या गडगडीच्या पोटात एक बारीक खुळखुळ.

तो सुरू झाला एका रविवारी, आणि त्या रविवारी स्टीअरिंगवर होती त्यांची लेक उत्कर्षा. बारावीतली, नुकतीच अठराची, लर्निंग लायसन्स मोबाइलच्या कव्हरमध्ये मिरवणारी. कुकरैल नाल्याच्या बंध्यावर, म्हणजे बांधावरच्या रस्त्यावर, एक स्पीडब्रेकर तिला जरा उशिरा दिसला, इतकंच. शेजारी आई होती, आईकडे पक्कं लायसन्सही होतं. पण स्पीडब्रेकर यायच्या आधीच तिने डोळे मिटून घेतले होते. साक्षीदार म्हणून ती कुचकामी.

"कुठे ठोकलीस?" त्या संध्याकाळी बाबा म्हणाले. ते आधी खाली जाऊन पुढच्या जाळीत टॉर्च मारून आले होते, आणि परत आले ते चेहरा पाडूनच.

"कुठेच नाही."

"डिव्हायडरला?"

"बाबा, मी स्पीडब्रेकरवरून गाडी उडवली. ठोकली नाही."

"उडवणारे ठोकतातच. काहीतरी जोरात लागल्याशिवाय..." ते मध्येच थांबले. "खरं सांगशील त्या दिवशी किल्ली मिळेल."

किल्ली कपाटात गेली. गुरुवारी तिची ड्रायव्हिंगची टेस्ट होती. टेस्ट पुन्हा देता आली असती. पण आपण खोटं बोलतो असं बाबांना वाटावं, हे तिला चपातीच्या घासागणिक टोचत होतं.

निशातगंजच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक राघवने गाडी जॅकवर चढवली, चाक धरून हलवलं आणि निकाल दिला, "बॉल जॉइंट गया है, साहब." नवा बसवला. गल्लीच्या तोंडाशी गडगड, ठप्प. मग त्याने स्टीअरिंगचा रॉड बदलला. गडगड, ठप्प. जॅकवर चढवली की मात्र गाडी गरीब गाय. शेवटी राघव आवाज उतरवून म्हणाला, "साहब, बिटिया से ठीक से पूछिए. गाड़ी झूठ नहीं बोलती."

बिटिया मागेच उभी होती. तिने ते ऐकलं आणि त्या क्षणापासून राघव तिच्या काळ्या यादीत गेला. मागच्या सर्व्हिसिंगलाच याने काहीतरी ढिलं करून ठेवलं असेल तर? बाबांना वाटत होतं, हा जुनेच पार्ट पुसून बसवतोय. राघवचा संशय उत्कर्षावर, आणि आईचा शेजाऱ्यांच्या नजरेवर.

"अहो, मी म्हणते, लिंबू-मिरची बांधू का पुढे?"

"विजया, ती गाडी आहे, नवरदेवाची घोडी नाही," बाबा म्हणाले आणि जरा घाईनेच पेपरमागे गेले.

बुधवारी दुपारी बाबा उत्कर्षाला शाळेतून आणायला गेले.  तिने पाण्याची बाटली रागाने पायाशी टाकली. कपूरथळा चौकात एक ई-रिक्षा आडवी आली, बाबांनी ब्रेक दाबला, आणि बाटली घरंगळत जाऊन पुढे आपटली. त्याच क्षणी गडगड, ठप्प.

उत्कर्षा ताठ बसली. पुढच्या वळणावर बाटली उजवीकडे गेली. गडगड, ठप्प. पुन्हा बरोबरीने.

"बाबा, जरा वेग वाढवा ना. सरळ रस्त्यावर."

"का?"

"वाढवा तर यार."

वेग वाढला. बाटली गप्प, आवाज गप्प. चाकात बिघाड असता तर चाकाबरोबर आवाजही पळाला असता. मग तिने चारही चाकांना जोर द्यायचा दांडा बाबांना टाकायला लावला, काढायला लावला. काही फरक नाही.

"राघवकडे घ्या," ती म्हणाली. "पुढे काही तुटलेलं नाही. पुढे काहीतरी लोळतंय."

इंजिनाला दगड लागू नयेत म्हणून या गाड्यांच्या पोटाखाली एक जाड पत्रा असतो. उत्कर्षाने त्याच्याकडे बोट दाखवलं. राघव हसला, "अरे बिटिया, ये तो बस ढक्कन है."

"खोलिए तो सही, भैया. मैं यहीं खड़ी हूँ."

ती खरंच कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. राघवने बोल्ट सोडले, पत्रा एका बाजूने खाली झुकला, आणि त्यातून काहीतरी लाल गॅरेजच्या फरशीवर उतरलं, गडगडत गेलं आणि टायरला लागून थांबलं. ठप्प.

लाल कापडात सुतळीने बांधलेला नारळ.

राघव दोन पावलं मागे सरकला. "साहब, किसी ने कुछ करवाया है आप पर. हाथ मत लगाइए. किसी से दुश्मनी चल रही है क्या?"

 उत्कर्षाने वाकून नारळ उचलला, कानाशी हलवला. खुळखुळ. इंजिनाच्या धगीने आतला गर सुटून त्याचा गोटा झाला होता. मग तिची नजर सुतळीवर गेली. दोन वेढे, खालून फास, टोक मोकळं. हौद्यावर ताडपत्री बांधताना अशी गाठ अख्ख्या लखनौत एकच माणूस मारतो, आणि त्यानेच ती तिला शिकवली होती. तिने टोक ओढलं. गाठ चुपचाप सुटली.

"कधी बांधलात?" तिने विचारलं. मराठीत, म्हणजे राघवला कळणार नाही असं.

बाबांचे कान लाल झाले होते. "तुझं लर्निंग आलं त्या दिवशी. जाळीमागे. आमच्या गावाकडे बांधतात, नवा माणूस चालवायला लागला की."

"आणि आईच्या लिंबू-मिरचीला हसता."

"हसतो." ते चाचरले. "रविवारी बघितलं तर जागेवर नव्हता. म्हटलं, नारळ रस्त्यात कुठेतरी पडलाय म्हणजे पोरीने गाडी चांगलीच आपटली. आणि सांगत नाहीये."

"मी सांगत होते, बाबा. स्पीडब्रेकर म्हणाले होते."

"म्हणाली होतीस."

"क्या कह रहे हैं, साहब?" राघव अजून लांबच उभा होता. "झाड़-फूँक वाले को बुलाऊँ?"

बाबांनी घसा खाकरला. उत्कर्षाला वाटलं, आता हे बॉल जॉइंटवर ढकलणार.

"दुश्मन-विश्मन कोई नहीं," ते म्हणाले. "नारियल मैंने बाँधा था, राघव. बिटिया ने कहीं नहीं ठोका. सच बोल रही थी."

मग त्यांनी तिच्यापुढे किल्ली धरली. नारळ स्वतःकडे घेतला आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

निशातगंजच्या गर्दीतून उत्कर्षाने ट्रक सावकाश बाहेर काढला. ब्रेक दाबला, कान टवकारले. पुढून हूं नाही की चूं नाही. वळून कुकरैलच्या बंध्याला लागल्यावर तोच स्पीडब्रेकर समोर आला. तिला तो आज लांबूनच दिसला. तिने बाजूला नजर टाकली. बाबांनी डोळे मिटून घेतले होते, अगदी आईसारखे.

तिने वेग कमी केला. ट्रक अलगद वर चढला, अलगद उतरला, आणि बाबांच्या मांडीवर काहीतरी खुळखुळलं.